त्वचेचा कर्करोग : उष्णता आणि औषध यांची जोड

त्वचेच्या कर्करोगावर नियंत्रित उष्णता आणि औषध यांचा एकत्रित वापर करण्याचे संशोधन जगभर सुरू आहे. बंगळूरुमधील भारतीय विज्ञान संस्थेतही या दिशेने महत्त्वाचे काम झाले आहे. या उपचारामागील शास्त्र, त्याचा आतापर्यंतचा अनुभव आणि भारतासारख्या देशात तो सामान्य रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी कराव्या लागणाऱ्या आर्थिक व संस्थात्मक तयारीचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने बंगळूरुला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला यशवंतपूर हे स्थानक चांगले परिचित असते. रेल्वे, मालमोटारी आणि कृषी उत्पन्न बाजाराचे आवार यांमुळे हा भाग सदैव गजबजलेला असतो. या गजबजाटाला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा वृक्षाच्छादित परिसर आहे. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली ही संस्था उभी राहिली. जुने बंगळूरुकर आजही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात.

त्वचेच्या कर्करोगावर बाहेरून लावता येईल अशी एक चुंबकीय पट्टी या संस्थेतील संशोधकांनी तयार केली असून तिचे निष्कर्ष २०२०-२१ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रांत त्याच्या बातम्या आल्या आणि नंतर विषय मागे पडला. वस्तुतः बातमी संपते तेथूनच अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली कल्पना रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचण्यास किती काळ व किती पैसा लागतो, तो कोणी खर्च करावयाचा आणि दरम्यानच्या काळात रुग्णाने काय करावे, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत.

त्वचेचा कर्करोग आणि भारत

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. त्वचेच्या तळथरातील पेशींचा, वरच्या थरातील चपट्या पेशींचा आणि रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा. यांपैकी तिसरा प्रकार ‘मेलॅनोमा’ या नावाने ओळखला जातो आणि तो सर्वांत घातक असतो. गोऱ्या वर्णाच्या लोकसंख्येत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे या रोगांचे प्रमाण मोठे आहे. भारतीयांच्या त्वचेतील रंगद्रव्य त्यांना बऱ्याच अंशी संरक्षण देते. त्यामुळे आपल्याकडे एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अल्प आहे.

परंतु प्रमाण अल्प असल्यामुळेच या रोगाकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडे मेलॅनोमा अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली उद्भवतो. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळपायावरील काळा डाग चिखलाचा, काट्याचा किंवा भोवरीचा समजला जातो आणि रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो.

आपल्या समाजातील काही सवयींशीही या रोगाचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली आपल्या सहकाऱ्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही असे रुग्ण आढळले. वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्यामुळे तेथे जखम झाली आणि त्या जुनाट जखमेचे कर्करोगात रूपांतर झाले. सतत घर्षण, जुनाट जखम आणि भाजल्याचे व्रण यांतून असा कर्करोग उद्भवू शकतो.

उष्णतेचे दोन परिणाम

येथे एक विसंगती वाटणारी बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगली जाते. तिच्या दीर्घकालीन उष्णतेमुळे पोट व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली या डॉक्टरांनी १८६६ साली केले. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन येथे बुश या शल्यचिकित्सकाने एक वेगळेच निरीक्षण नोंदविले. चेहऱ्यावर अर्बुद असलेल्या एका रुग्णाला जंतुसंसर्गामुळे तीव्र ज्वर आला आणि त्यानंतर ते अर्बुद नाहीसे झाले. १८९१ पासून न्यूयॉर्कमधील विल्यम कोली यांनी जंतूंच्या साहाय्याने मुद्दाम ज्वर आणून कर्करोगावर उपचार करण्याचे प्रयत्न केले. त्या परिणामात ज्वराइतकाच शरीराच्या प्रतिकारशक्तीचाही भाग होता, असे आज मानले जाते.

म्हणजे उष्णता कर्करोगास कारणीभूत होऊ शकते आणि त्याच्या उपचारातही उपयोगी पडू शकते. दोहोंतील फरक तापमान, कालावधी आणि नियंत्रण यांचा आहे. आपल्या काही भागांत अजूनही दुखऱ्या जागी तापलेल्या लोखंडाने डागण्या देण्याची प्रथा आढळते. अशा डागण्यांना शास्त्रीय उष्णता उपचाराशी जोडणे सर्वथा चुकीचे आहे. डागणीमुळे कर्करोग बरा होत नाही. उलट भाजल्याचा व्रण मागे राहतो, निदान लांबते आणि काही वेळा त्या व्रणातच पुढे कर्करोग उद्भवतो. संशयास्पद गाठीवर घरगुती शेक घेत राहणेही त्याच कारणास्तव धोक्याचे आहे.

औषधाच्या जोडीला उष्णता कशासाठी?

वैद्यकीय परिभाषेत ‘हायपरथर्मिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचारात रोगग्रस्त भागाचे तापमान साधारणतः ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढवून ते सुमारे तासभर टिकविले जाते. या तापमानाला पेशी जळत नाहीत. मात्र त्यांच्यातील प्रथिनांची रचना बिघडू लागते. अर्बुदातील रक्तवाहिन्यांचे जाळे अव्यवस्थित असल्याने तेथील उष्णता रक्ताबरोबर सहज वाहून जात नाही. सभोवतालची निरोगी त्वचा मात्र रक्तप्रवाह वाढवून स्वतःला थंड ठेवू शकते. त्यामुळे एकाच उष्णतेचा अर्बुदावर अधिक आणि निरोगी भागावर कमी परिणाम होतो.

औषधाबरोबर उष्णता दिल्यास तीन गोष्टी घडतात. पहिली, सौम्य उष्णतेने रक्तप्रवाह वाढतो आणि अर्बुदापर्यंत अधिक औषध पोहोचते. दुसरी, पेशीचे आवरण अधिक पारगम्य होते व औषध आत शिरते. तिसरी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, औषधाने डीएनएला केलेली इजा दुरुस्त करणारी पेशीतील यंत्रणा उष्णतेमुळे दुबळी होते. सिस्प्लॅटिन व मेलफॅलन यांसारख्या डीएनएवर थेट आघात करणाऱ्या औषधांची परिणामकारकता त्यामुळे वाढते. सर्वच औषधांना अशी साथ मिळत नाही. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलसारख्या औषधांच्या बाबतीत उष्णतेचा लाभ फारसा दिसत नाही. औषधाची निवड आणि उष्णता देण्याची वेळ यांचा मेळ घालावा लागतो.

येथे मात्रेचा प्रश्नही नाजूक आहे. ४३ अंशांच्या वर तापमान एका अंशाने वाढले की तोच परिणाम साधण्यास लागणारा वेळ निम्मा होतो, असा सर्वसाधारण नियम आहे. ४३ अंशांवर ६० मिनिटांत जे घडते, ते ४४ अंशांवर ३० मिनिटांत घडते. एकदा उष्णता सोसलेल्या पेशी संरक्षक प्रथिने तयार करून काही काळ उष्णतेला दाद देत नाहीत. त्यामुळे दोन उपचारांत पुरेसे अंतर ठेवावे लागते. अचूक तापमापन हा या उपचाराचा कणा आहे, तो यासाठीच.

रुग्णालयांतील अनुभव

उष्णता आणि औषध यांचा एकत्र वापर ही नवी कल्पना नाही. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथील शल्यचिकित्सक क्रीच व क्रेमेंट्झ यांनी हाता-पायावर पसरलेल्या मेलॅनोमासाठी एक पद्धत विकसित केली. रोगग्रस्त हात किंवा पाय यांचे रक्ताभिसरण उर्वरित शरीरापासून तात्पुरते वेगळे करावयाचे, यंत्राच्या साहाय्याने ते चालू ठेवावयाचे आणि त्या मर्यादित रक्तात मेलफॅलन हे औषध मिसळावयाचे. १९६९ साली स्टेलिन यांनी त्याला उष्णतेची जोड दिली. संपूर्ण शरीराला सोसवणार नाही इतकी औषधाची तीव्रता या पद्धतीत एका अवयवापुरती देता येते.

जेथे शस्त्रक्रियेने प्रत्येक गाठ काढणे शक्य नसते, तेथे या पद्धतीने सुमारे निम्म्या रुग्णांत दिसणाऱ्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्याचे अनुभव आहेत. अनेकांचा पाय कापण्याची वेळ टळली. तथापि, रोग पसरण्यापूर्वीच प्रतिबंधक म्हणून ही पद्धत वापरल्यास आयुष्य वाढते काय, हे पाहण्यासाठी ८३२ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि तसा लाभ दिसून आला नाही. उपचार कोणाला उपयोगी आहे याइतकेच तो कोणाला उपयोगी नाही, हे कळणेही आवश्यक असते.

किरणोपचारासोबत उष्णता दिल्यास काय होते, याविषयीची युरोपीय चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. मेलॅनोमाच्या गाठींवर केवळ किरणोपचार दिल्यास दोन वर्षांनंतर २८ टक्के गाठी नियंत्रणात होत्या. उष्णतेची जोड दिल्यावर हे प्रमाण ४६ टक्के झाले. औषध आणि उष्णता यांच्या संयोगाचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र त्वचेच्या नव्हे, तर स्नायू व मेद यांसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगातून मिळाला आहे. ३४१ रुग्णांच्या त्या चाचणीचे दीर्घकालीन निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. केवळ औषध घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के, तर औषधासह उष्णता घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ५३ टक्के दहा वर्षांनंतर हयात होते.

यशवंतपूरनजीकचे संशोधन

आता भारतीय विज्ञान संस्थेतील पट्टीकडे वळू. संस्थेतील जैवप्रणाली विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र आणि रेण्वीय पुनरुत्पादन, विकास व आनुवंशिकी विभाग यांनी मिळून हे काम केले. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या महिला शास्त्रज्ञ योजनेअंतर्गत तेथे कार्यरत असलेल्या डॉ. शिल्पी जैन यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा प्रयोगशाळेत आणणे हा या योजनेचा हेतू होता, याची येथे आवर्जून नोंद घ्यावयास हवी.

पट्टीची रचना समजण्यास सोपी आहे. शरीरात विघटित होऊ शकणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या बहुवारिकात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले जातात. विद्युतदाबाच्या साहाय्याने या मिश्रणाचे केसापेक्षाही कितीतरी बारीक तंतू काढले जातात. हे तंतू शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिकटपट्टीवर जमा केले की पट्टी तयार होते. ती त्वचेवर लावून बाहेरून वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लागू केले असता कणांचे चुंबकत्व क्षेत्राबरोबर सतत दिशा बदलू पाहते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. ना सुई, ना छेद. चुंबकीय क्षेत्र बंद केले की उष्णताही थांबते.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी त्वचा-कर्करोग पेशी या उष्णतेने मेल्या. उंदरांवरील प्रयोगात निरोगी ऊती भाजल्याची किंवा सुजल्याची लक्षणे दिसली नाहीत. परंतु हे प्रयोग पेशी आणि उंदीर यांच्यावरील आहेत, माणसांवरील नाहीत. या पट्टीची तपासणी मुख्यतः उष्णतेचे साधन म्हणून झाली. औषधाची जोड देणे ही त्यापुढची पायरी होय.

ती पायरी शक्य असल्याचे जपानमधील त्सुकुबा येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले होते. त्यांनी तापमानानुसार आकुंचन पावणाऱ्या बहुवारिकाचे तंतू काढून त्यांत चुंबकीय कण आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगविरोधी औषध एकत्र भरले. चुंबकीय क्षेत्र लागू होताच तंतू तापून आकसले आणि ओला कपडा पिळल्यावर पाणी निघावे तसे त्यांतून औषध बाहेर आले. प्रयोगशाळेतील सुमारे ७० टक्के मेलॅनोमा पेशी या दुहेरी आघाताने नष्ट झाल्या. महाराष्ट्रातही असे कार्य झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने चुंबकीय कणांवर, तर प्रा. रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन केंद्रातील डॉ. अभिजित डे यांच्यासमवेत प्रकाशाने तापणाऱ्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या मेदकणांवर संशोधन केले.

खर्चाचा हिशेब

अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता या उपचाराचा खर्च दोन भागांत विभागता येईल. पट्टीचा कच्चा माल, म्हणजे लोहाचे ऑक्साइड आणि बहुवारिक, दुर्मीळ नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाल्यास प्रत्येक पट्टीमागील खर्च आटोक्यात राहू शकेल. परंतु चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे यंत्र, अचूक तापमापनाची साधने आणि प्रशिक्षित मनुष्यबळ हा स्थिर खर्च आहे. रुग्णसंख्या कमी असेल तर हा सर्व खर्च मोजक्या रुग्णांवर पडतो. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळ असल्याने प्रत्येक तालुक्यात यंत्र बसविणे किफायतशीर ठरणार नाही. प्रादेशिक केंद्रांत यंत्रे ठेवून तालुक्यातून रुग्ण वेळेवर पाठविण्याची व्यवस्था हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

तुलना कशाशी करावयाची, हाही प्रश्न आहे. लहान आकाराचा, लवकर ओळखला गेलेला त्वचेचा कर्करोग स्थानिक भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेने बहुधा बरा होतो आणि तिचा खर्चही फार नसतो. त्या ठिकाणी नव्या उपचाराची आवश्यकता नाही. त्याची खरी गरज आहे ती शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्धांना, नाक-डोळ्यांजवळ रोग असलेल्यांना आणि वारंवार गाठी उद्भवणाऱ्यांना. पसरलेल्या मेलॅनोमावर २०११ नंतर प्रतिकारशक्तीला चालना देणारी प्रभावी औषधे आली, पण त्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो. शेती विकून किंवा कर्ज काढून उपचार करणाऱ्या कुटुंबासाठी अंशतः गुणकारी परंतु स्वस्त स्थानिक उपचारालाही मोल आहे.

आणखी एक धडा परदेशातून मिळतो. चुंबकीय कणांनी मेंदूतील अर्बुद तापविण्याच्या पद्धतीला युरोपात २०१० साली मान्यता मिळाली होती. परंतु ती विकसित करणारी बर्लिनमधील कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली. शास्त्रीय मान्यता मिळाली तरी पुरेसे रुग्ण, विम्याचे संरक्षण आणि दीर्घ मुदतीचे भांडवल नसेल तर तंत्रज्ञान टिकत नाही. विरळ रोगांवरील संशोधन पूर्णतः बाजारावर सोडता येत नाही, हा याचा अर्थ होय.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही उपाययोजना सुचविता येतील. पहिली, मानवी चाचण्यांसाठी सार्वजनिक निधी. औषधयुक्त पट्टीला औषध आणि वैद्यकीय उपकरण अशा दोन्ही कसोट्यांवर उतरावे लागेल. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आणि २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम यांमुळे चौकट उपलब्ध आहे. तिच्यातून जाण्याचा खर्च विद्यापीठातील एखाद्या विभागाला पेलणारा नाही.

दुसरी, प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांचा सांधा. भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या आवारात वैद्यकीय शिक्षण व ८०० खाटांचे रुग्णालय उभारण्याची योजना २०२२ साली जाहीर केली. तिच्यासारखे उपक्रम या दृष्टीने स्वागतार्ह आहेत. रुग्णसंख्या विरळ असल्याने चाचण्या अनेक रुग्णालयांनी मिळून करणे अपरिहार्य आहे. त्यासाठी २०१२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय कर्करोग जाळे उपयोगी पडू शकते. या जाळ्यातील केंद्रांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी करून सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत केली आहे. हीच पद्धत उपकरणांच्या खरेदीस लावता येईल.

तिसरी, मूल्यमापन. नवा उपचार आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट करण्यापूर्वी त्याची किफायत तपासली गेली पाहिजे. हे काम करणारी आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणा केंद्राने २०१७ साली उभारली आहे.

चौथी आणि सर्वांत स्वस्त उपाययोजना म्हणजे लवकर निदान. महिनाभरात न भरणारी जखम, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, तळपायावरील वाढता काळा डाग, भाजल्याच्या जुन्या व्रणात पडलेले क्षत ही लक्षणे आशा कार्यकर्तीला ओळखता आली पाहिजेत. परकराची नाडी रुंद व सैल बांधावी आणि बांधण्याची जागा बदलत राहावी, हा सल्ला देण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

समारोप

जमशेटजींच्या संकल्पनेतून बंगळूरुला प्रयोगशाळा उभी राहिली आणि त्यांच्याच घराण्याच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली मुंबईच्या परळ भागात कर्करोग रुग्णालय सुरू झाले. एकात शोध लागतात आणि दुसऱ्यात देशभरातून आलेले रुग्ण रांगेत उभे असतात. या दोन प्रकारच्या संस्थांमधील अंतर चाचण्या, निधी आणि नियोजन यांनी भरून काढावयाचे आहे.

उष्णता आणि औषध यांच्या संयोगाला शास्त्रीय आधार आहे आणि काही कर्करोगांत त्याचा लाभ सिद्धही झाला आहे. त्वचेवर लावावयाच्या पट्टीच्या स्वरूपात मात्र तो अद्याप प्रयोगशाळेतील आश्वासन आहे. ते पूर्ण करण्यासाठी गुंतवणूक करणे हे शासन व समाज यांचे कर्तव्य आहे. तोपर्यंत एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या तळपायावरील डाग वेळेत दिसावा, त्यावर डागणी नव्हे तर तपासणी व्हावी आणि जवळच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेची सोय असावी, एवढी व्यवस्था आजच्या साधनांतही करता येण्याजोगी आहे.